नियमासाठी मूल की मुलासाठी नियम?

जूनमध्ये पावसाची पहिली सर कोसळली की आमच्या वसईच्या गावागावांतून छोट्या छोट्या रेनकोटांची रांग शाळेच्या वाटेला लागते. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, हातात डब्याची पिशवी. हे दृश्य पाहताना धर्मगुरूच्या मनात कौतुकाखेरीज दुसरे काही येऊ नये. परंतु गेली काही वर्षे दुसरेही काही येत आहे, आणि ते मनातच ठेवणे आता आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटू लागले आहे.

निमित्त घडले ते एका घरभेटीचे. मागच्या पावसाळ्यात धर्मग्रामातील घरे करीत असता एका दारी आम्ही थांबलो. आईवडील दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईला नोकरीवर गेलेले. घरात आजी आणि पहिलीत जाणारी नात. आम्ही बसतो न बसतो तोच आजीने शाळेची डायरी पुढे केली. "फादर, ह्यात बाईंनी लाल शाईनं काय लिहिलंय, तेवढं वाचून सांगा. पोरीची आई रात्री येईल, तोवर माझ्या जिवाला चैन नाही."

डायरीच्या आरंभी पालकांसाठी छापलेले नियम होते. सर्व इंग्रजीत. आम्ही सहज मोजले, एकतीस भरले. पालकांनी हे करावे, पालकांनी ते करू नये, पालकांनी वर्गाच्या दाराशी येऊ नये, पालकांनी घरी पाल्याशी इंग्रजीतूनच बोलावे. शाळा मुलासाठी काय करील, हे सांगणारा नियम त्या एकतीसांत एकही नव्हता. आणि लाल शाईत लिहिले होते : पाल्य वर्गात इंग्रजीतून बोलत नाही, मधल्या सुट्टीआधी बाहेर जाण्यास मागते, पालकांनी दखल घ्यावी.

हळूहळू उलगडा झाला. पोरीला लघवीला जायचे होते. तिने विचारले ते घरच्या बोलीत. ते ऐकून घेतले गेले नाही, कारण वर्गात इंग्रजीखेरीज बोलायचे नाही असा नियम, आणि मधल्या सुट्टीआधी बाहेर जायचे नाही असाही नियम. व्हायचे ते झाले. घरी येऊन तिने बाटलीतले पाणी सांडल्याचे सांगितले. आम्ही वाचत असता ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझीच बोली तिच्या तोंडात बसली आहे ना, फादर. आता मी तिच्याशी कमीच बोलत जाईन. माझ्यापायी तिचं नुकसान नको."

याच आजीने त्या मुलीला क्रुसाची खूण करायला शिकवले होते. आमच्या पित्याची प्रार्थना तिच्या ओठांवर प्रथम बसवली तीही याच आजीने. छापील नियमाच्या एका ओळीने तिला आपल्याच घरात मुके केले.

ही शाळा कोणती, हे आम्ही सांगणार नाही. एका शाळेचे नाव घेतले की बाकीच्या सुटकेचा निःश्वास टाकतात. शिवाय आम्हीही काही वर्षे एका शाळेच्या व्यवस्थापनात होतो. पाच मिनिटे उशीर झाल्यास फाटक बंद, हा नियम तिथे आमच्याच सहीने छापला गेला होता. पावसात फाटकाबाहेर उभी राहिलेली मुले आम्ही खिडकीतून पाहिली आहेत आणि शिस्त म्हणजे शिस्त असे स्वतःला बजावले आहे. म्हणून हा लेख इतरांवरील आरोप तितकाच आमचा कबुलीजबाबही आहे.

कोणी म्हणेल, मग नियमच नकोत काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. लहान मुलाला दिनक्रमाची गरज मोठ्या माणसापेक्षा अधिक असते. ठरल्या वेळी झोप, ठरल्या वेळी जेवण, चपला ठेवण्याची ठरलेली जागा, वर्गात शिरताच करायचे ठरलेले काम : यांमुळे मुलाला जग ओळखीचे वाटते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले तेव्हा त्यांना आढळले ते हेच. मुलांना सुव्यवस्था मनापासून हवी असते. मात्र त्यांनी ही सुव्यवस्था मुलाच्या मापाने बेतली. खुर्च्या त्याच्या उंचीच्या, कपाट त्याच्या हाताशी, कामाची निवड त्याची. आम्ही मापे मोठ्यांची ठेवली आणि मुलाने त्यांत बसावे म्हणून त्यालाच दाबत राहिलो.

शब्बाथ मनुष्यासाठी आहे, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे प्रभू येशूने परुशांना सुनावले. प्रत्येक शाळेने आपल्या नियमावलीतील प्रत्येक ओळीला हीच कसोटी लावावी. या नियमाने सोय होते ती कुणाची? मुलाची, की संस्थेची?

घरचा अभ्यास घ्या. पहिली-दुसरीच्या मुलाला रोज दोन-तीन पाने लिहायला देण्याने काय साधते? १९९३ साली प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. प्राथमिक वर्गांत घरचा अभ्यास नसावा आणि असलाच तर तो घरपरिसराच्या शोधाचा असावा, असे त्या समितीचे म्हणणे होते. २०१८ साली केंद्र सरकारने पहिली-दुसरीला घरचा अभ्यास देऊ नये असे राज्यांना कळवले. २०२० सालच्या शालेय दप्तर धोरणाने तेच पुन्हा सांगितले आणि दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरवले. म्हणजे वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो. आपल्या घरातील दप्तर एकदा काट्यावर ठेवून पाहावे, एवढीच वाचकांना विनंती.

वेळेचेही तसेच. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण. लगेच ओरड झाली. दोन पाळ्यांचे काय, बसगाड्यांचे काय, आईवडिलांच्या नोकरीचे काय? या अडचणी खऱ्या आहेत, त्या आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु या सगळ्या चर्चेत अर्धवट झोपेत उठवलेल्या सहा वर्षांच्या जिवाची अडचण सर्वांत शेवटी आली, हे आपण मान्य करू या.

आता आपल्या घरचे. ख्रिस्तसभेच्या शाळांना भारतीय संविधानाच्या तिसाव्या कलमाचे संरक्षण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील सतरावे कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंपासून वाचवते. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निर्णय दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे सोपवला. पुढे काय व्हायचे ते होवो. आमचा सवाल न्यायालयाला नाही, आमच्याच माणसांना आहे. संविधानाने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला तो कशासाठी? आपली श्रद्धा, आपली संस्कृती, आपली भाषा जपता यावी म्हणून. त्याच हक्काच्या छायेत बसून आपण आजीची बोली दंडनीय ठरवणार असू, तर त्या हक्काची लाज आपणच घालवीत आहोत. जे कायद्याने आपल्याला सक्तीचे नाही ते आपण प्रेमाने अधिक करायला हवे, कमी नव्हे.

आणि प्रेमाची गोष्ट सोडली तरी, आपल्या धर्मसभेचा कायदाही काही सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावरील आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हे मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक, हे त्याचे प्रमुख सूत्र. १९८३ च्या कॅनन कायद्यातील ७९६ वे कलम शिक्षकांना बजावते की त्यांनी पालकांच्या निकट सहकार्याने काम करावे आणि त्यांचे म्हणणे आनंदाने ऐकून घ्यावे. पालकांच्या सभा भराव्यात आणि त्यांना मान असावा, असेही ते कलम सांगते. आपल्या पालकसभा कशा असतात? कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता. जो बाप रजा टाकू शकत नाही तो बेफिकीर ठरतो. जी आई येते ती लहान बाकावर अवघडून बसते, तासभर सूचना ऐकते आणि सही करून जाते. याला ऐकून घेणे म्हणत नाहीत.

शिक्षकांची बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. एका बाईंपुढे पन्नास-साठ मुले, वर पाठ पुरे करण्याची घाई, त्याहून वर कागदपत्रांचा डोंगर. प्रत्येक मूल हवे तेव्हा उठू लागले तर वर्ग चालेल कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर साठ मुलांना गप्प बसवणे हे नसून वर्गात साठ मुले न कोंबणे हे आहे. आणि ते उत्तर शिक्षिकेने नव्हे, व्यवस्थापनाने द्यायचे आहे.

पालकांनाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. अभ्यास कमी दिला तर शाळेकडे तक्रार घेऊन जाणारे आपल्यातच आहेत. प्रकल्पाची चित्रे रात्री जागून स्वतः काढणारे आणि मुलाच्या नावाने शाबासकी घेणारे आपल्यातच आहेत. पहिलीच्या मुलाला शाळा सुटताच शिकवणीला धाडणारे, मोबाईलवरील पालकांच्या गटात शिक्षिकेची नालस्ती करणारे आणि समोर भेटल्यावर गोड बोलणारेही आपल्यातच आहेत. घरी इंग्रजी बोला, हा नियम शाळेने छापला खरा. परंतु तो छापला जावा म्हणून हट्ट कोणी धरला? मुलाने घरची बोली बोलली की पाहुण्यांपुढे ओशाळणारे आम्हीच ना? इंग्रजी यावी, उत्तम यावी. मात्र घरची भाषा पुसून तिच्या जागी इंग्रजी लिहिता येत नाही. घरच्या भाषेत जे मूल भरभरून बोलते, तेच पुढे दुसरी भाषाही आत्मविश्वासाने उचलते. ज्याला बोलण्याचीच भीती बसली त्याला कोणतीच भाषा येत नाही.

उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी पालकांना नोटीस धाडली नाही. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुले गुरे चारायला रानात जातात असे दिसले तेव्हा त्या शाळा घेऊन कुरणात गेल्या. नियम वाकला, मूल वाकले नाही. ख्रिस्ती नसलेल्या या दोन स्त्रियांनी हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याचा अर्थ आपल्यापेक्षा अधिक जाणला, असे आम्हाला नम्रपणे वाटते.

मग करावे काय? आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. पालकांसाठीची नियमावली मराठीतही छापावी. तिच्या पहिल्या पानावर शाळा मुलाला काय देईल ते लिहावे आणि पालकांची कर्तव्ये त्यानंतर यावीत. तहान आणि लघवी यांना कोणताही नियम नसावा, आणि ती मागण्याला कोणत्याही भाषेची अट नसावी. उशिरा आलेल्या मुलाला आधी आत घ्यावे, कारण मागून पालकांना विचारावे. पहिली-दुसरीला घरचा अभ्यास नसावा. त्याऐवजी रोज रात्री घरातल्या कोणी तरी एक गोष्ट सांगावी, आणि सकाळी मुलाने ती वर्गात आपल्या शब्दांत सांगावी. पालकसभा रविवारी मिस्सेनंतर भरवावी आणि तिचा अर्धा वेळ पालकांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा. यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही. खर्च आहे तो आपल्या अहंकाराचा.

बारा वर्षांचा येशू हरवला तेव्हा तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. लूकच्या शुभवर्तमानात त्याचे वर्णन आहे. तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारीत होता. त्या गुरुजनांविषयी शुभवर्तमानकार फारसे सांगत नाही, परंतु एवढे नक्की की त्यांनी त्या मुलाला ओठांवर बोट ठेवायला सांगितले नाही. नाझरेथच्या सुताराच्या घरी शिकलेल्या बोलीत विचारलेले त्याचे प्रश्न त्यांनी ऐकले आणि ते थक्क झाले.

त्या आजीकडे आम्ही पुन्हा गेलो होतो. तुम्ही तुमच्या बोलीतच नातीशी बोला, हे आमचे ऐका, असे विनवून आलो. तिने मान हलवली, पण म्हणाली, "फादर, तुम्ही सांगता ते खरं. पण डायरीत तसं लिहिलेलं नाही ना." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर आता डायरी छापणाऱ्यांनी द्यायचे आहे.