मनोरा हवा, पण ऊन का सोडावे?

दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले, जेथे जेथे आपली बेने इस्राएल कुटुंबे वसली, तेथील जुन्या शिकूनच्या गच्चीकडे मान वर करून पाहावे. काचेच्या काळ्या पेट्या व पांढऱ्या टाक्या ओळीने उभ्या दिसतील. हे दूद शेमेश म्हणजे आपल्या दारी केव्हाच आलेली सूर्यशक्ती. आज पिनुई-बिनुईच्या नावाने जुन्या इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत, त्यांत ती हातची जाते आहे, आणि आपण करारावर मुकाट्याने सह्या करीत आहोत!

ही सोय आपोआप झालेली नाही. १९५० नंतरच्या टंचाईत रात्री दहा ते सकाळी सहा पाणी तापविण्यास बंदी होती. त्याच सुमारास लेवी यिस्सार या अभियंत्याने सूर्यावर चालणारा बंब बनविला व १९५३ साली कंपनी काढली. १९७३ च्या युद्धानंतर तेल महागले आणि १९८० मध्ये नव्या घरांना दूद शेमेश सक्तीचा झाला. कोकणात बंबात लाकडे सारून डोळे चोळणाऱ्या आपल्या आयाबायांना या यंत्राचे केवढे अप्रूप! मात्र २७ मीटरहून उंच इमारतींतील सर्व घरांना त्या नियमाची सक्ती नव्हती. मेख येथेच आहे. चार मजल्यांचे वीस झाले, गच्ची तेवढीच राहिली.

बांधकामवाले नकाशात मामाद, लिफ्ट, बाल्कनी दाखवितात. मामाद हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी कशाने तापणार, असे विचारले की म्हणतात, "विजेने, सोपे आहे." सोपे कोणाला? दीडशे लिटरच्या टाकीत बहुधा अडीच किलोवॅटची कॉइल असते. दोन तास चालली की पाच युनिटे गेली. पेन्शनीवर जगणारी म्हातारी माणसे मग हिवाळ्यात आंघोळच टाळतात. रुग्णसेवेत आयुष्य काढलेल्या आम्हांला त्याचे परिणाम सांगायला नकोत.

कोणी म्हणेल, २०१३ पासून तामारचा गॅस येतो आहे, विजेला काय तोटा? मग २०३० पर्यंत तीस टक्के वीज सूर्यादि साधनांतून मिळविण्याचे सरकारने २०२० मध्ये कशासाठी ठरविले? नेगेवमध्ये सौरपत्रे पसरायचे आणि गावातले चालते दूद भंगारात घालायचे, हा कुठला हिशेब?

उपाय आहेत. दक्षिणेच्या बाल्कनीच्या कठड्यावर काचपेटी बसविता येते. हवेतील उष्णता ओढणारा पंप एका युनिटात साधारण तिघांचे काम करतो. गच्चीवर वीज करणारे पत्रे बसवून जिना-लिफ्टचा खर्च हलका करता येतो. पण हे सही होण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे लागते.

आणि आपली माणसे वाआद बायितच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर गप्प! वकिली हिब्रू कळत नाही म्हणतात. मग येथे शिकलेली नातवंडे कशाला आहेत? त्यांना शेजारी बसवावे. रहिवाशांच्या बाजूने नेमलेल्या वकिलाला विचारावे : आमच्या मजल्यावर पाणी कशाने तापेल? त्याचे बिल कोण भरील? गच्ची कोणाच्या नावे राहील? उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर मागावे.