मुखवट्याआडच्या कलावंताचं काय?

घरातले बाईचे श्रम कुणाला दिसत नाहीत, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. पण हजारो प्रेक्षकांसमोर, भर मैदानात केलेलं कामही अदृश्य राहू शकतं. सामन्याच्या वेळी वाघाचा, हत्तीचा, सिंहाचा गुबगुबीत पोशाख चढवून कोणीतरी सीमारेषेवर नाचत असतं. वर्तमानपत्रं त्याला शुभंकर म्हणतात, मैदानावरची मुलं मॅस्कॉट. त्याच्यासोबत फोटो सगळे काढतात. आत कोण आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. आत बाई असेल, हे तर मनातही येत नाही.

माझं म्हणणं असं की ही प्रयोगकला आहे आणि ती सादर करणारी व्यक्ती कलावंत आहे. हे मान्य केलं तरच तिच्या मजुरीचा, तब्येतीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न नीट मांडता येईल.

रंगमंचावरच्या नटीजवळ चेहरा असतो, आवाज असतो. इथे दोन्ही काढून घेतलेले. पोशाखाचे डोळे शोभेचे. बहुतेक वेळा प्राण्याच्या तोंडातल्या जाळीतून जेमतेम समोरचं दिसतं. बोलायला बंदी. आनंद, रुसवा, भीती, खोडी, सगळं मानेच्या कलण्यातून, खांद्यांतून आणि चालीतून दाखवायचं. ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे, आणि पुढ्यातलं लहान मूल घाबरताही कामा नये. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाचा ‘फिली फनॅटिक’ हा हिरवा केसाळ प्राणी १९७८ साली पहिल्यांदा मैदानात उतरला. तो १९९३ पर्यंत साकारणाऱ्या डेव्ह रेमंड यांच्या आईला ऐकू येत नव्हतं. न बोलता बोलण्याची भाषा आपण तिच्याकडून शिकलो, असं ते सांगतात. घराघरांत आयांनी जपलेल्या अशा कितीतरी विद्या कलेच्या इतिहासात नोंदल्याच जात नाहीत.

हा प्राणी घडवण्यात एक बाई होती, बॉनी एरिक्सन. ‘मपेट्स’मधली मिस पिगी घडवणारीही तीच. तिने आणि तिच्या जोडीदाराने फनॅटिकचा पोशाख संघाला विकला, पण कॉपीराइट स्वतःकडे ठेवला. १९८४ साली संघाला तो २,१५,००० डॉलर देऊन विकत घ्यावा लागला. अमेरिकी कायद्यानुसार पस्तीस वर्षांनंतर निर्मात्याला आपला हक्क परत मागता येतो. २०१८ साली त्यांनी तशी नोटीस दिली, २०१९ साली संघ कोर्टात गेला आणि २०२१ साली तडजोड झाली. आपल्या कलाकृतीचा हक्क सोडायचा नाही, हे या बाईने चाळीस वर्षं लावून धरलं.

हा झाला घडवणाऱ्याचा हक्क. पोशाख अंगावर चढवणाऱ्याचं काय? त्याचा निवाडाही अमेरिकेतच झाला. सॅन दिएगोच्या एका रेडिओ केंद्राने १९७४ साली टेड जियानुलस या विद्यार्थ्याला कोंबडीच्या वेषात जाहिरातीसाठी उभं केलं. त्याने त्यातून असं पात्र उभं केलं की लोक त्यालाच पाहायला मैदानावर येऊ लागले. १९७९ साली केंद्राने त्याला काढलं आणि पुन्हा कोंबडी होऊ नये म्हणून दावा ठोकला. १९८० साली अपील न्यायालयाने कोणत्याही कोंबडीच्या वेषात येण्याची मनाई उठवली. केंद्राचा पोशाख केंद्राकडेच राहिला. वेगळा पोशाख करून आपली कला दाखवायची मोकळीक कलावंताला मिळाली. कापड मालकाचं असेल, अंगातली कला मालकाची नाही. घरकामगार, शिवणकामगार, अंगणवाडीताई यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडचा कायदाही याबाबत गप्प नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली प्रयोगकर्त्यांचे हक्क आले. त्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे, आणि पुढे ‘प्रयोग सादर करणारी इतर कोणतीही व्यक्ती’ आहे. गारुड्याला जागा आहे तर वाघ झालेल्या बाईलाही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंत म्हणून ओळखलं जाण्याचा हक्कही दिला.

बाई वाघ झाली, यात मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या मातीत सोंगांची परंपरा मोठी आहे. पण बोहाड्याचे मुखवटे परंपरेने पुरुषांच्याच चेहऱ्यावर चढले आणि दशावतारात बाईचं पात्रही पुरुषच रंगवत आले. मैदानावरच्या बंद पोशाखात मात्र बाईला वाघही होता येतं, विदूषकही होता येतं. सुंदर दिसण्याची सक्ती नाही, वयाची अट नाही. २०२३ च्या पुरुषांच्या क्रिकेट विश्वचषकासाठी शुभंकरांची जोडी केली, त्यात गोलंदाज स्त्री होती आणि फलंदाज पुरुष. ठीक आहे. पण पात्र स्त्रीचं झालं म्हणून आतल्या माणसाचे प्रश्न सुटत नाहीत.

ते प्रश्न साधे आहेत. काम सहसा कंत्राटदारामार्फत, दिवसाच्या बोलीवर मिळतं. पोशाख जाड आणि आत हवा खेळत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये जपानात ओसाकाजवळच्या एका करमणूक उद्यानात अशा पोशाखात सराव केल्यावर २८ वर्षांचा एक कामगार उष्माघाताने गेला. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल, याचा विचार करावा. त्यात गर्दीतून कोणी मुद्दाम अंगाला हात लावला तर तिने ओरडायचं कसं? गप्प राहणं हीच तिच्या कलेची अट. कलेचा नियम असा छळ करणाऱ्याच्या सोयीचा होतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात स्टेडियम आणि क्रीडासंकुल कामाचं ठिकाण म्हणून स्पष्ट नोंदलेलं आहे. कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या बायकाही त्यात येतात. पण हे पोशाख घालणाऱ्या किती जणींना कोणी सांगितलं आहे?

२००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा चीअरलीडर्सच्या तोकड्या कपड्यांवर रकानेच्या रकाने भरले. त्यांच्या पगारावर, राहण्याच्या सोयीवर फारसं कोणी लिहिलं नाही. २००५ च्या डान्सबार बंदीच्या वेळी आपल्यातही मतभेद होते, पण अनेक संघटनांनी रोजगाराचा मुद्दा सोडला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही बंदी टिकू दिली नाही. तोच धडा इथे लावायचा. शरीर उघडं असो की नखशिखान्त झाकलेलं, विचारायचं ते कामाबद्दल.

काही जणी म्हणतील, आतल्या व्यक्तीचं नाव कळलं तर मुलांची गंमत जाईल. मुलांना नाव सांगू नका. पण करारावर, हजेरीपटावर आणि मानधनाच्या पावतीवर ते असलंच पाहिजे. गंमत मुलांसाठी आहे, कंत्राटदाराची जबाबदारी झाकण्यासाठी नाही.

तेव्हा मागण्या अशा असाव्यात: लेखी करार आणि ठरलेलं मानधन, थोड्या थोड्या वेळाने मुखवटा उतरवून विश्रांती आणि पाणी, कपडे बदलायला बंद खोली, मैदानात सोबत एक मदतनीस, आणि अडचण आली तर तिला करायची ठरलेली खूण, तक्रार समितीची माहिती मैदानावर लावलेली. यातली एकही खर्चिक नाही. आपापल्या जिल्ह्यात स्पर्धा भरेल तेव्हा संयोजकांना हे लेखी विचारावं. या कामात असलेल्या मैत्रिणी कुणाच्या परिचयाच्या असतील तर त्यांना आपल्या बैठकीला बोलवावं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.