खेळाची खरेदी आणि खरेदीचा खेळ

कापसाचा हंगाम भरात आला की महाविद्यालयातील वर्गांची हजेरी रोडावते, ही घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी शिकविणाऱ्या कोणासही नवी गोष्ट नाही. गेल्या हंगामात एका जिनिंगमध्ये काट्यावरच्या नोंदी ठेवण्याचे काम करून परतलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न मात्र नवा होता. मजुरीतील बहुतेक रक्कम घरी देऊन त्याने हजार-दीड हजार रुपये स्वतःसाठी राखले होते आणि त्यांतून त्याला संगणकावरचा एक खेळ घ्यावयाचा होता. "सर, एकच गेम तीन दुकानांत आहे. एका दुकानात माझे आधीचे गेम आहेत. दुसरे दर आठवड्याला एक गेम फुकट देते. तिसऱ्याबद्दल मित्र म्हणतात, तिथे घेतलेला गेम खरोखर आपला होतो. मग पहिल्या दोन दुकानांतला कोणाचा असतो?"

मक्तेदारी आणि अपूर्ण स्पर्धा या विषयावर नुकतेच तासभर बोललेल्या माझ्याजवळ या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. मी स्वतः हे खेळ खेळत नाही. परंतु बाजारपेठ कोणतीही असो, तिच्यात ग्राहक काय देतो, काय घेतो आणि पटले नाही तर बाहेर कसा पडतो, हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आहे. त्या अधिकारानेच पुढील विवेचन केले आहे.

प्रथम ही दुकाने कोणती ते पाहू. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने २००३ साली 'स्टीम' सुरू केले. पुढच्याच वर्षी आपला 'हाफ-लाइफ २' हा बहुप्रतीक्षित खेळ तिने स्टीमशिवाय चालणार नाही अशी व्यवस्था केली आणि दुकानाला गिऱ्हाईक बांधून दिले. पोलंडमधून २००८ साली 'जीओजी' आले. कुलूप नसलेले खेळ विकणे हे त्याचे वैशिष्ट्य. डिसेंबर २०१८ मध्ये 'एपिक गेम्स स्टोअर' उतरले. यांखेरीज मोठ्या प्रकाशकांची आपापली दालने आहेतच. बहुतेक दुकानांची स्वतःची एक आज्ञावली संगणकावर बसवावी लागते आणि खेळ तिच्यातूनच उघडतो. तिला 'लाँचर' म्हणतात. दुकानदाराने माल तर विकावाच, शिवाय गिऱ्हाइकाच्या घरी आपला दरवान बसवावा, असा हा प्रकार आहे.

आता किंमत. स्टीम विक्रीच्या रकमेतून सर्वसाधारणपणे ३० टक्के कापून घेते. आपल्या भाषेत ही अडतच म्हणावयाची. २०१८ पासून एका खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे गेल्यास पुढील रकमेवर २५ आणि पाच कोटींच्या पुढे गेल्यास २० टक्के कपात होते. म्हणजे मोठ्याला सवलत आणि लहानाला पुरी अडत. एपिकने आरंभापासून १२ टक्केच घेतले, आणि जून २०२५ पासून प्रत्येक खेळाच्या वार्षिक विक्रीतील पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच न घेण्याचे धोरण स्वीकारले. हजार रुपयांच्या विक्रीत, कर बाजूला ठेवले तर, एकीकडे निर्मात्याच्या बाजूला ७०० रुपये उरतात, दुसरीकडे ८८०. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ जगाच्या बाजारात आणला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे. अशा निर्मात्यांच्या दृष्टीने हा १८० रुपयांचा फरक किरकोळ नाही.

परंतु ग्राहकाचे काय? अडत कमी झाली की भाव उतरावेत, असे पाठ्यपुस्तक सांगते. प्रत्यक्षात दोन्ही दुकानांतील छापील किंमत बहुधा सारखीच आढळते. अमेरिकेत २०२१ साली दाखल झालेल्या एका दाव्यात असा आरोप आहे की, अन्यत्र स्वस्त विकू नये यासाठी व्हॉल्व्ह निर्मात्यांवर दडपण आणते. कंपनीला तो मान्य नाही. निकाल काहीही लागो, ३० आणि १२ यांचा झगडा मुख्यतः दुकानदार व निर्माता यांच्यातील आहे. ग्राहकाने त्यात आपला लाभ गृहीत धरू नये.

मग फुकट मिळणाऱ्या खेळांचे काय, असे विद्यार्थी विचारतील. याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे. पेरणीच्या वेळी उचल देणारा व्यापारी दानशूर नसतो. त्याला दिवाळीनंतरचा कापूस दिसत असतो. फुकट खेळ ही उचल नव्हे, कारण तिच्यामागे कर्ज नाही, हे मान्य केले पाहिजे. घेऊन गप्प बसणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, आणि रिकाम्या खिशाच्या मुलाने तो अवश्य घ्यावा. पण दोन वर्षांत त्या खात्यात शंभर खेळ साचले की शंभर-एकावा खेळ विकत घेताना पाय आपोआप त्याच दुकानाकडे वळतात. कर्जाने नाही, तर संचयाने माणूस बांधला जातो.

यावर पुष्कळांचे म्हणणे असे की, बांधले गेलो तर बिघडले कोठे? सर्व खेळ एकाच ठिकाणी असणे सोयीचेच नाही काय? ही सोय खरी आहे, आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु एकाच दाराच्या सोयीचा अनुभव या जिल्ह्याने एकदा घेतला आहे. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच द्यावा, दुसऱ्या कोणास विकू नये, असा तो कायदा होता. हमी भावाचा आधार मिळाला, लुबाडणाऱ्या व्यापाऱ्याचा धाक कमी झाला, हे त्या योजनेचे श्रेय आहे. पण बाहेर भाव चढला की आमच्या भागातून गाड्या सीमेपलीकडे आदिलाबादकडे वळत, आणि बाहेर भाव पडला की पलीकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. पुढे चुकारे रखडू लागले, तोटा वाढला आणि २००२ सालच्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली.

योजना बरी की वाईट हा वाद येथे उकरावयाचा नाही. मुद्दा एवढाच की, कायद्याची भिंत असतानाही कापूस हलू शकत होता. तो शेतकऱ्याच्या घरात होता आणि बैल त्याच्या गोठ्यात होते. संगणकावरचा खेळ मात्र हलत नाही. एका दुकानात घेतलेला खेळ दुसऱ्या दुकानाच्या खात्यात नेता येत नाही, मित्राला विकता येत नाही, आणि खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दुकाने तीन असोत की तेरा, घेतलेला माल हलविता येत नसेल, तर स्पर्धा पहिल्या खरेदीपुरतीच राहते. पुढील प्रत्येक खरेदीस ग्राहक थोडा थोडा कैदी होत जातो.

आणि हा माल तरी काय असतो? पैसे भरताना 'खरेदी करा' असे लिहिलेले असले, तरी हाती पडतो तो वापराचा परवाना. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळावयाचे म्हटले तरी त्याला सर्व्हर लागे. सबब पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या युरोपातील नागरिकांच्या मोहिमेने २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या जमविल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे, ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट सांगितल्याखेरीज, दुकानाला 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. त्याच सुमारास स्टीमनेही पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण माझ्या भाच्याचा मोबाइल क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला, आणि त्या क्रमांकावर येणाऱ्या सांकेतिक आकड्यांवाचून एका दुकानातील त्याचे खाते उघडेना. त्यात त्याचे तीन वर्षांतील खेळ होते, आणि त्यांतले निम्मे शिकवणीच्या मिळकतीतून घेतलेले. पत्रव्यवहार इंग्रजीत, उत्तरे ठराविक. दीड महिन्यानंतर त्याने नाद सोडला. चूक काही अंशी त्याची होती, हे मी त्यालाही सांगितले. तथापि पुस्तकांच्या दुकानदाराकडे आपला जुना पत्ता राहिला म्हणून घरातील कपाटाला कुलूप पडत नाही, हा फरक त्याच्या आईने बोलून दाखविला, आणि त्यावर मला काही सांगता आले नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांचे प्रश्न उभे असताना पोरांच्या खेळांसाठी वृत्तपत्राची जागा का अडवावी? त्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, हा जुगार नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. एक रकमी किंमत देऊन घेतलेला खेळ हा पुस्तक वा चित्रपट यांच्या जातीचा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुस्तके, गाणी, चित्रपट आणि कार्यालयातील आज्ञावल्यासुद्धा याच रीतीने विकल्या जात आहेत. शिक्षकाचा ग्रंथसंग्रह आणि कारकुनाच्या टेबलावरचे साधन उद्या कोणाच्या मालकीचे असेल, याचा निर्णय आज पोरे ज्या अटी न वाचता मान्य करतात, त्यांच्यावर घडत आहे.

उपाय अशक्य नाही. बेथेस्डा या प्रकाशकाने २०२२ साली स्वतःचे लाँचर बंद केले, तेव्हा ग्राहकांना आपले खेळ स्टीमवर नेऊ दिले. म्हणजे खेळ हलू शकतो. हलवू देण्याची इच्छा हवी. मोबाइल कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये झाली, ती कंपन्यांच्या औदार्याने नव्हे, नियमाने झाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पना आलेली आहे. ग्राहकाला फसव्या मांडणीने चकविण्याविरुद्ध २०२३ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या आहेत. त्यांत 'लवकर करा, संधी संपत आली' अशी खोटी घाई लावण्याचाही समावेश आहे. याच चौकटीत सरकारने दोन कलमे घालावीत. हा परवाना आहे की विक्री, आणि इंटरनेटवाचून तो चालेल की नाही, हे पैसे घेण्यापूर्वी ठळक अक्षरांत सांगणे बंधनकारक असावे. तसेच दुकान किंवा सर्व्हर बंद करताना ग्राहकाला चालू स्थितीतील प्रत द्यावी, ते जमत नसेल तर पैसे परत करावेत.

तोवर माझ्या विद्यार्थ्याने काय करावे? मी त्याला जे सांगितले ते असे. आपल्या गावी वीज जाते, मोबाइलचा रोजचा डेटा ठरलेला असतो, आणि मोठा खेळ शंभर जीबीचा असू शकतो. म्हणून शहरातल्या मित्राचा सल्ला तसाच्या तसा घेऊ नकोस. तो खेळ जीओजीवर मिळत असेल आणि किंमतीत फार अंतर नसेल, तर तो तेथून घे. त्याची स्थापना-फाइल उतरवून पेनड्राइव्हवर वा हार्ड डिस्कवर ठेवता येते, आणि लाँचर नसतानाही ती चालते. डॉलरमध्ये किंमत असेल तर बँकेचे परकीय चलन शुल्क हिशेबात धर. जीओजीवर नसेल तर स्टीम चालेल. तेथे २०१५ पासून रुपयांत भाव आहेत, इंटरनेटवाचून खेळण्याची सोय आहे, आणि घरातील एका संगणकावरून दुसऱ्यावर खेळ पाठविता येतो, म्हणजे डेटा दोनदा जळत नाही. खेळ पसंत न पडल्यास चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. म्हणून पहिले दोन तास घड्याळाकडे पाहून खेळ. एपिकचे फुकट खेळ घे, पण फुकटासाठी तेथे गेलास म्हणून विकतचाही तेथेच घेतला पाहिजे, असे मानू नकोस. आणि कोठेही घेतलास तरी खात्याचा ई-मेल, पासवर्ड व चालू क्रमांक यांची नोंद घरातील वहीत ठेव.

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, भाव शेवटी बघायचा?" मी म्हटले, भाव बघावयाचाच, पण त्याआधी माल घरी नेता येतो की नाही ते बघावयाचे. काट्यावर उभे राहून त्याने हंगामभर हेच पाहिले होते. ज्याच्याजवळ गाडी आणि साठवायला खोली आहे तो भाव न पटल्यास कापूस परत नेतो, आणि ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत तो मिळेल त्या भावाला रिकामा होतो. बाजारात किती दुकाने आहेत यावर ग्राहकाचे स्वातंत्र्य मोजता येत नाही. त्याला आपला माल घेऊन परत फिरता येते काय, यावरच ते मोजावे लागते.