पदविका घरबसल्या, नोंदणीचे काय?

अपंगत्व आणि पुनर्वसन या विषयातली ऑनलाईन पदव्युत्तर पदविका करावी का, हा प्रश्न घेऊन अकोले तालुक्यातली पदवीधर मुले-मुली आमच्याकडे येऊ लागली आहेत. कोणी बी.ए. झालेले, कोणी एम.एस.डब्ल्यू., कोणी अंगणवाडीत काम करणारी. फी हजारांत सांगितली जाते, कधी ती लाखाच्या घरात जाते. घरात रोजंदारीचे उत्पन्न आणि शेळ्या विकून पहिला हप्ता भरण्याची तयारी! अशा वेळी 'शिक्षण कधी वाया जात नाही' एवढे सांगून त्यांना वाटेला लावणे म्हणजे आपली जबाबदारी झटकणे होय.

या विषयाला आज मागणी का आली, ते आधी पाहू. रजनीशकुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक. राज्यांनी नेहमीप्रमाणे चालढकल केली. तेव्हा ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना पदे मंजूर करून जाहीर करण्याचे फर्मान काढले. त्याआधीच २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला होता. शिपायाच्या जागेसाठी एम.ए. झालेली मुले रांगेत उभी राहतात त्या राज्यात ४,८६० हा आकडा लहान नाही. आणि जेथे नोकरीची आशा दिसते तेथे प्रमाणपत्रांचे दुकान उघडणारेही लगेच हजर होतात.

आता कायदा काय म्हणतो ते पहा. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे ज्याला सगळे 'आरसीआय' म्हणतात ती, १९९२ च्या कायद्याने उभी आहे. या कायद्याचे तेरावे कलम प्रत्येक इच्छुकाने फी भरण्याआधी वाचावे असे आहे. केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत ज्याचे नाव नाही, त्याला पुनर्वसन व्यावसायिक म्हणून सरकारी वा स्थानिक संस्थेत पद धारण करता येत नाही, देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही, प्रमाणपत्रावर सही करता येत नाही, इतकेच काय, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा या कायद्याने ठेवली. नोंदवहीत नाव येते ते परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केला तर. विद्यापीठ खरे आहे, पदविका खरी आहे, पण परिषदेची मान्यता नाही, तर ती पदविका ज्ञान देते, परवाना देत नाही. ज्ञान आणि परवाना यांतली ही फट जाहिरातीत दिसत नाही आणि गरिबाचे पैसे नेमके त्या फटीतच पडतात.

मागे एक तरुण आमच्याकडे आला होता. हातात सुरेख छापलेली पदविका, गुणपत्रक, सगळे व्यवस्थित. एका विशेष शाळेत मुलाखतीला गेला तर पहिलाच प्रश्न आला, 'नोंदणी क्रमांक?' पदविका देणाऱ्या संस्थेला त्याने फोन केला तर उत्तर मिळाले, आम्ही नोकरीची हमी कधी दिली होती? कागदोपत्री त्यांचे बरोबरच होते. माहितीपत्रकात कुठेही 'मान्यताप्राप्त विशेष शिक्षक' असे लिहिलेले नव्हते, फक्त 'पुनर्वसन क्षेत्रात उज्ज्वल संधी' असे होते. अशा शब्दांवर फौजदारी उभी राहत नाही. राहिला ग्राहक मंच, तर तेथे फी परत मिळेलही, गेलेली दोन वर्षे कोण परत देणार?

परदेशी नावाचे तर विचारूच नका. खासगी शैक्षणिक कंपन्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ऑनलाईन पदव्या-पदविका विकतात, त्यांना मान्यता नाही, असा जाहीर इशारा विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी तर २०२० च्या नियमावलीनेच दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीला बंद केलेल्या आहेत. हे आम्हाला योग्य वाटते. लुळ्या पडलेल्या हातापायाला व्यायाम कसा द्यायचा हे पडद्यावर पाहून शिकलेल्या माणसाकडे आपण आपले मूल देऊ का?

मग घरबसल्या शिकणे हा सगळा फसवणुकीचाच प्रकार आहे काय? मुळीच नाही. अकोले हा जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा डोंगरी तालुका. नगरचे जिल्हा रुग्णालय येथून शंभर किलोमीटरच्या वर. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघर-रतनवाडीत पावसाळ्यात काय अवस्था असते ते तेथल्या महादेव कोळी आणि ठाकर बांधवांना विचारा. येथली मुलगी मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत राहून शिकेल, हे बोलायला सोपे आहे. खोलीभाडे कोण देणार? बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यासाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची वेळ पाहून वर्गाची वेळ ठरवणे, हे त्यामागचे सूत्र होते. मुक्त विद्यापीठे त्याच वाटेवरची आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने परिषदेच्या मान्यतेने विशेष शिक्षणाचे बी.एड. दूरस्थ पद्धतीने चालवून दाखवले. त्यात मुलांसमोर उभे राहून पाठ घ्यावे लागतात. पुस्तक घरी आणि सराव मुलांमध्ये, हा आमच्या मते डोंगरी तालुक्याला परवडणारा खरा नमुना आहे.

अडते ते येथेच. सरावाचे केंद्र मोठ्या शहरात, आणि विशेष शिक्षकाची गरज वाडीवर. २०११ च्या जनगणनेत देशातले २ कोटी ६८ लाख लोक दिव्यांग नोंदले गेले, त्यातले ६९ टक्के ग्रामीण भागात. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के. म्हणजे अपंगत्वालाही जात आहे आणि गावकूसही आहे. असे असताना शहरात राहून शिकू शकणारेच नोंदणीकृत होणार, तेच ४,८६० पदांवर बसणार आणि बदलीचा अर्ज खिशात ठेवूनच राजूर-कोतूळकडे येणार. अकोल्यात दादासाहेब रूपवते यांचे नाव विज्ञान शाखेला लाभलेले अगस्ती महाविद्यालय आहे, राजुरात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. शासनाला इच्छा असेल तर सरावाचे केंद्र तालुक्यात आणता येते. 'अपंग' शब्द खोडून 'दिव्यांग' लिहायला कचेऱ्यांना फार दिवस लागले नाहीत, उतरता मार्ग बांधायला मात्र अजून लागताहेत.

आणखी एक विसंगती. अपंगत्वाचा अभ्यासक्रम ऑनलाईन, पण तो अंध विद्यार्थ्याच्या वाचक-सॉफ्टवेअरला वाचता येतो का? चित्रफितींवर मथळे आहेत का? कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून ई-केवायसी अडलेल्या ॲसिडहल्लाग्रस्तांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम २१ चा भाग मानला. हा निकाल कॅमेऱ्यासमोर परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांनी वाचलेला बरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या आहेत, त्या ऑनलाईन तुकडीत कुठे जातात हेही विचारले पाहिजे.

परवाना न देणाऱ्या पदविकेचा उपयोग शून्य असेही आम्ही म्हणणार नाही. २१ प्रकारची अपंगत्वे कोणती, ४० टक्क्यांची अट कुठे लागते, ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च केला की नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणारा एक माणूस गावात असला तरी कितीतरी घरांचे काम होते. अंगणवाडी सेविका, कार्यकर्ता, वकील, अपंग मुलाची आई, यांनी ती जरूर करावी, मात्र फी बेताची असेल तर आणि विशेष शिक्षकाची नोकरी मिळेल या आशेवर नाही.

फी भरण्याआधी दहा रुपयांचा एक माहिती अधिकाराचा अर्ज पुनर्वास परिषदेकडे टाकावा. त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात : हा अभ्यासक्रम, या संस्थेत, या वर्षासाठी, याच पद्धतीने मान्य आहे काय, तो केल्यावर नोंदवहीत कोणत्या वर्गात नाव लागते, आणि सरावाचे मान्य केंद्र कोठे आहे. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. 'आजच प्रवेश घ्या, सवलत उद्या संपते' असे सांगणाऱ्याला तेवढे दिवस थांबायला सांगावे.