नांगर कुठे टाकायचा?

गेल्या ऑक्टोबरात आम्ही हंट्सव्हिलहून चॅटानूगाला जाऊन आलो, हे फोनवर सांगितल्यावर दादाचा पहिला प्रश्न, "किती तास लागतात रे?" म्हटलं, आम्हाला चार दिवस लागले. पलीकडे जरा शांतता. मग, "गाडी बंद पडली होती काय?"

गाडी ठणठणीत होती, घरी गॅरेजात उभी होती. गाडीनं हा रस्ता दोन तासांचा आहे. आम्ही नदीनं गेलो. हंट्सव्हिलच्या दक्षिणेला टेनेसी नदीवर डिटो लँडिंग म्हणून धक्का आहे, तिथून चॅटानूगा 130 मैल, म्हणजे साधारण 210 किलोमीटर, तेही प्रवाहाच्या उलट. वाटेत गंटर्सव्हिल आणि निकाजॅक ही दोन धरणं. आमची बोट 28 फुटी, जुनी, एका डिझेल इंजिनाची. ताशी 8 मैलांच्या वर रेटली तर धूर वाढतो, वेग वाढत नाही.

"बोट" म्हटलं की देशातल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर पांढरी पँट, काळा गॉगल आणि हातात ग्लास असं काहीतरी येतं. आमच्या बोटीवर मी आणि बायको, एक स्टोव्ह, कुकर, आणि मेतकुटाची बरणी. किंमत म्हणाल तर शेजाऱ्यानं नवा पिकअप ट्रक घेतला त्याच्या निम्म्याहून कमी. धरणाच्या लॉकमधून वर चढवून देण्याचे पैसे खाजगी बोटींना पडत नाहीत. लष्कराच्या इंजिनिअर कोअरचा माणूस वायरलेसवर "या" म्हणाला की आत जायचं, भिंतीतल्या तरंगत्या खुंटाला दोर अडकवायचा आणि स्वस्थ उभं राहायचं. पाणी भरतं तसा खुंट वर येतो, आपणही येतो. (पहिल्यांदा हे बघताना मी इतका हरखलो होतो की दोर धरायचाच विसरलो. बायको अजून सांगते सगळ्यांना.) आणि रात्रीचा मुक्काम? फुकट. नांगर टाकायचा आणि झोपायचं.

आजचं भांडण या शेवटच्या वाक्यावरून आहे.

नदीच्या सावकाश प्रवासात दिवसभर करायला तसं काही नसतं. खरा उद्योग सुरू होतो दुपारी तीन-चारला : आज रात्री कुठे? नकाशा उघडायचा. मालवाहू बार्जांचा मार्ग लाल आणि हिरव्या बोयांमधून जातो, तिथे थांबायचं नाही. एकेक टग तीन रांगांत पाच-पाच बार्ज बांधून ढकलत नेतो. तेवढं ओझं ब्रेक लावून थांबत नाही, आणि रात्री दोन वाजता त्याला तुम्ही दिसावं ही अपेक्षा करू नये. मग एखाद्या बेटाची पाठ, ओढ्याचं तोंड, वळणाआडची खाचर शोधायची. खोली किती? तळ चिखलाचा की दगडाचा? वारा कुठून? गणित सोपं आहे : पाणी 3 मीटर, त्यात नाळेची उंची 1 मीटर, झाले 4. त्याच्या सातपट दोर सोडायचा, म्हणजे 28 मीटर. आता वारा फिरला की बोट त्या 28 मीटरच्या त्रिज्येत फिरणार, तेवढ्या वर्तुळात खोडं नकोत. आणि खोडं असतातच, कारण हे तलाव म्हणजे बुडवलेली शेतं आणि रानं आहेत. गंटर्सव्हिल तलावात पाणवनस्पती इतकी की सकाळी नांगर वर काढला की भाताचा भारा उचलल्यासारखा येतो. शेवटी डोलकाठीवर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा. इंजिन बंद केल्यावर जी शांतता येते तिचं वर्णन करत बसत नाही, नाहीतर दादा म्हणेल, कविता करू नकोस.

दुसऱ्या संध्याकाळी अशीच जागा मिळाली. बेटामागे, वारा अडलेला, तळाला चिखल. नांगर धरला, दिवा लावला, कुकरची दुसरी शिटी झाली, आणि काठावरच्या एका घराच्या धक्क्यावरून टॉर्चचा झोत थेट तोंडावर. इथे थांबायचं नाही. का? तर, तुम्ही माझ्या घरासमोर आहात. मी म्हटलं, साहेब, सकाळी सातला आम्ही गेलेलो असू. त्यावर, हे माझं पाणी आहे, शेरीफला बोलावतो.

पाणी त्याचं नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि माझा अंदाज, त्यालाही. अलाबामाला 1819 साली राज्य म्हणून घेतलं तेव्हाच्या केंद्रीय कायद्यात लिहिलंय की इथली नौकानयनाची पाणी कायमची सार्वजनिक हमरस्ता राहतील, कर नाही, टोल नाही. आणि पाण्यावरून जाण्याच्या हक्कात वाटेत वाजवी वेळ नांगर टाकून थांबणंही येतं, हे इथलं जुनं तत्त्व. शेरीफ आला असता तर कदाचित त्यानंही हेच सांगितलं असतं. पण "कदाचित" या शब्दावर, माझ्या रंगाच्या माणसानं, अंधारात, अलाबामात किती भर टाकायचा? बायको म्हणाली, "चला, दुसरीकडे बघू." नांगर उचलला.

मग पाऊण तास काळोखात. मी सुकाणूवर, ती नाळेवर सर्चलाइट घेऊन. एकदा खालून खट्ट आवाज आला, पंखा वाचला हे नशीब. शेवटी बोयाच्या जेमतेम बाहेर नांगर टाकला. रात्री दोनला खरंच एक बार्जांचा तांडा गेला, आणि कुकर गॅसवरून खाली. खिचडी फरशीवर. तो गृहस्थ मात्र नीट झोपला असणार.

मला त्याचा राग आहेच, पण तो एकटा नाही. आमच्या नदीतून 1985 साली सुरू झालेल्या टेनेसी-टॉम्बिगबी जलमार्गानं दर शरद ऋतूत कितीतरी बोटी दक्षिणेला उतरतात, मेक्सिकोच्या आखातात जातात, पुढे फ्लोरिडात. त्या फ्लोरिडानं 2016 मध्ये कायदा करून मायामी आणि ब्रोवर्ड भागातल्या ठरावीक पाण्यात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत नांगर टाकायला बंदी केली. म्हणजे दिवसा चालेल, रात्री नाही. इंजिनिअर म्हणून विचारतो : बोट रात्री पाणी जास्त विस्थापित करते का? झोपलेला माणूस जागेपणीपेक्षा जड होतो का? रात्री एवढंच होतं की कोट्यवधींच्या घराच्या खिडकीतून दुसऱ्याचा दिवा दिसतो.

यावर बाजू मांडली जाते की लोक मोडक्या बोटी सोडून जातात, त्या बुडतात, खर्च सरकारच्या माथी. घाण पाण्यात सोडतात. दोन्ही खरं आहे, मी पाहिलंय. पण बोट टाकून जाणाऱ्याला पकडा, घाण सोडणाऱ्याला दंड करा. त्यासाठी कायदे आहेत. एका रात्रीच्या वाटसरूला हाकलून बुडालेली बोट वर येत नाही.

आता हे देशातल्या वाचकांना का सांगतोय? अमेरिकेतली भांडणं अमेरिकेत. तर, टेनेसी नदी आज अशी शांत, खोल, बोटी चालण्याजोगी आहे ती निसर्गाची कृपा नाही. 1933 साली रूझवेल्टच्या काळात टेनेसी व्हॅली अथॉरिटी निघाली. मुख्य नदीवरच्या नऊ धरणांच्या पायऱ्या करून पादुका ते नॉक्सव्हिल 652 मैलांचा जलमार्ग झाला. (हो, गावाचं नाव पादुकाच ऐकू येतं, पहिल्यांदा मीही हात जोडले होते.) आपलं दामोदर खोरं महामंडळ 1948 चं, याच साच्यातलं. आणि धरणं म्हटली की विस्थापित आलेच. एकट्या नॉरिस धरणापायी सुमारे 3000 कुटुंबं उठली. मोबदला मालकांना मिळाला, कुळांच्या हाती फारसं काही नाही. कोयनेच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

फरक पुढे आहे. त्या बुडालेल्या गावांच्या बदल्यात 11,000 मैलांचा काठ एका सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आला. सगळा मोकळा राहिला असं नाही. सुमारे 38 टक्के काठावर खाजगी घरांना धक्का बांधायची मुभा मिळाली, आणि माझा टॉर्चवाला त्यातलाच. पण उरलेल्या काठाला कुणीही लागू शकतं. माझं म्हणणं सरळ आहे : लोकांची घरं बुडवून पाणी साठवलंत, तर ते पाणी निदान सगळ्यांचं ठेवा. एका हातानं सार्वजनिक कामासाठी म्हणून जमीन घ्यायची आणि दुसऱ्या हातानं त्याच पाण्याचा देखावा विकायचा, ही चोरी आहे. इथे ती घरवाल्यांच्या नावानं होते. आपल्याकडे अजून व्हायची आहे, म्हणून आत्ताच ओरडतोय.

कारण आपल्याकडे नद्यांना एकाएकी चांगले दिवस आलेत, कागदावर तरी. 2016 च्या कायद्यानं 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. 13 जानेवारी 2023 ला वाराणसीहून गंगाविलास निघालं, 51 दिवसांत दिब्रुगडपर्यंत 3200 किलोमीटर, 36 प्रवाशांची सोय. कौतुक आहे. पण ते तरंगतं हॉटेल आहे. त्यातला माणूस नदीवर नसतो, खिडकीत असतो. कुठे थांबायचं हे त्याला कधीच ठरवावं लागत नाही. जलपर्यटन म्हणजे हेच अशी एकदा समजूत झाली की धक्के क्रूझच्या मापाचे होणार, काठ रिसॉर्टच्या मापाचा, आणि दोन माणसांच्या होडीला कुणीतरी शिट्टी मारून हाकलणार. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्येच बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात सांगितलंय की नद्या, किनारे ही सरकारकडे लोकांची ठेव आहे, खाजगी नफ्यासाठी वाटून टाकता येणार नाही. निकाल आहे. वापरणार कोण?

एवढं सगळं मी दादाला ऐकवलं. दादा चिपळूणचा, आमचं घरच तिथलं. तो थंडपणे म्हणाला, "ती नदी बावीस जुलैला आमच्या माळ्यापर्यंत आली होती. तू तिथे बसून नांगर टाक." 2021 चा पूर. वहिनीची शिलाई मशीन, पुस्तकं, आईची पितळेची भांडी, सगळं चिखलात. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढून घ्यायला चिपळूणकरांना आंदोलन करावं लागलं. मी इथे खिचडी सांडल्याचं रडतोय! आणि वर म्हणाला, "मगरी आहेत." (आमच्या व्हीलर तलावातही ॲलिगेटर आहेत, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.)

तरीही मी माझं म्हणणं सोडत नाही. उलट दादाच्या बोलण्यातच त्याचं कारण आहे. ज्या नदीवर रोज कुणी नसतं तिच्यातला गाळ कुणाला दिसतो? आजोबा सांगायचे, दाभोळहून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत पडाव भरतीबरोबर वर यायचे. भरती संपली की तांडेल मिळेल तिथे नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघायचा. कुठल्या वळणाला पाणी किती, बेट कुठे वाढलंय, हे त्याला कागदाशिवाय ठाऊक असायचं, कारण तो तिथे झोपायचा. त्याच दाभोळ खाडी-वाशिष्ठीचं नाव आज त्या 111 च्या यादीत आहे. त्या मार्गावर मला क्रूझ टर्मिनल नको. दोन भरत्यांच्या मधल्या अंतरावर एकेक बोया, उतरायला चार पायऱ्या, पाण्याचा नळ, आणि एक पाटी : इथे कुणीही एक रात्र थांबू शकतं. एवढंच मागणं. काठ विकला जायच्या आधी.

हे ऐकून दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला काय सांगतोस? मेरीटाइम बोर्डाला अर्ज कर. इथे मी नेऊन देतो, पोच घेतो."

लिहायला घेतलाय. "विषय" या शब्दापुढे तीन दिवस अडलो होतो. शेवटी लिहिलं : होडी रात्री उभी करू देण्याबाबत.