उन्हाळी २०२० ची मुले कुठे गेली, ते आधी मोजा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : महामारीत महाविद्यालयांतून गळालेल्या विद्यार्थ्यांची तालुकानिहाय मोजणी करण्याबाबत.

महोदय,

याच विषयावरची निवेदने लोणारकरांनी संबंधित कार्यालयात पोच घेऊन दिली आहेत. उत्तर नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०७ नुसार विद्यापीठाने दर पाच वर्षांनी बृहत् आराखडा करायचा असतो. कुठे महाविद्यालय हवे, कोणता भाग शिक्षणापासून वंचित आहे, हे त्यातून ठरते. २०१९ ते २०२४ चा आराखडा कोरोना यायच्या आधी झाला. त्यानंतर २०२४ ते २०२९ चा आला. या दोहोंच्या मधे आमच्या तालुक्यातली किती मुले कॉलेजातून नाहीशी झाली, याचा आकडा लोणारमध्ये आजही कोणाला सांगता येत नाही. मग पुढच्या पाच वर्षांचा हिशेब कशाच्या आधारावर मांडला?

आमच्याकडे उन्हाळी परीक्षा म्हणजे वर्षाची खूण. पेपर संपतात, मुले मृगाच्या पेरणीला शेतात उतरतात, निकाल लागतो, जुलैत प्रवेश होतात. शेत आणि कॉलेज दोन्ही सांभाळणारी घरे या क्रमावर चालतात. २०२० साली हा क्रम तुटला. ८ मे रोजी शासनाने सांगितले की फक्त अंतिम वर्षाची परीक्षा होईल. १९ जूनच्या शासन निर्णयाने तीही नको ठरली. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने ती सप्टेंबरअखेर घ्या म्हणून सांगितले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घ्यावीच लागेल असा निकाल दिला. मार्च ते ऑगस्ट, पाच महिने, पोराला कळेना की अभ्यास करावा की पुण्याच्या कंपनीत जावे. अनेकांनी दुसरा रस्ता धरला. आईबापाची मजुरी बंद असताना त्यांना दोष कोण देईल?

२०२० च्या त्याच जूनमध्ये इथल्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभरात लोणारचे नाव गाजले. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेपर्यंत गेले, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण सापडले. चांगले झाले. पण एका तळ्याच्या रंगाची जेवढी चौकशी झाली, तेवढी या तालुक्याच्या मुलांची व्हायला नको होती का?

पुढचे आकडे सरकारीच आहेत, आठवण म्हणून लिहितो. प्रथम वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबर २०२० पासून, म्हणजे सोयाबीन निघून हरभरा पेरायच्या दिवसांत. शिकवणे ऑनलाइन, आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी इंटरनेट १४.९ टक्के घरांत, संगणक ४.४ टक्के घरांत. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉलेजे उघडू लागली तोच वऱ्हाडात दुसरी लाट आली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर बंद. बारावीचा राज्याचा निकाल २०२० ला ९०.६६ टक्के, २०२१ ला परीक्षेविना ९९.६३, २०२२ ला ९४.२२, २०२३ ला ९१.२५. एका वर्षात जवळपास नऊ टक्क्यांचा चढ, मग दोन वर्षांत आठ टक्क्यांहून अधिक उतार. अशा चढउतारावरून तुकड्यांचा अंदाज बांधला तर तो चुकणारच.

आणि सगळ्यांत कठीण गोष्ट तर अजून राहिलीच. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजे पुन्हा उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांचे दुखणे खरे होते, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण खेड्यातून लोणार किंवा मेहकरला येणाऱ्या मुलीसाठी एसटी नाही म्हणजे कॉलेज नाही. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीला संपतो. काळीपिवळीचे भाडे रोज कोण देणार, आणि त्या गर्दीत मुलीला कोण धाडणार? दीड वर्ष घरात बसलेली ती मुलगी दार उघडल्यावरही घरातच राहिली. मग तिचे लग्न झाले. तुमच्या कागदावर ती नापास नाही, उत्तीर्ण नाही, स्थलांतरितही नाही. ती कोणत्याच रकान्यात नाही.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साठी महाराष्ट्राचे नोंदणीचे प्रमाण ३५.३ टक्के आहे, देशाचे २८.४. सभांमधून हा आकडा अभिमानाने सांगता येईल. पण सरासरीत पुणे आणि लोणार एकत्र मिसळतात, आणि आमचा खड्डा पुण्याच्या उंचीखाली झाकला जातो. याला नियोजन म्हणायला मी तयार नाही. हा निष्काळजीपणा आहे आणि त्याची जबाबदारी तुमच्या विभागाची आहे.

माहिती गोळा करायला आयोग नको, समिती नको. जून २०१९ ते जून २०२१ या काळात प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पुढच्या वर्षात गेले, किती जणांनी परीक्षा अर्ज भरले, किती पदवीधर झाले, मुली किती, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या दप्तरात आहे. ते तालुकानिहाय जाहीर करा. ज्यांची साखळी तुटली त्यांना उन्हाळी परीक्षेची खास संधी द्या. पदवी पूर्ण करण्याच्या मुदतीचा नियम आडवा येत असेल तर शिथिल करा. त्यांच्यासाठी मे महिन्यात इथेच, तालुक्याच्या गावी, उजळणीचे वर्ग घ्या. आणि हे आकडे समोर येईपर्यंत पट कमी दिसतो एवढ्या कारणावरून लोणार तालुक्यातली एकही तुकडी बंद करू नका.

आपला,
एक पालक, लोणार, जि. बुलढाणा