रिमोट कुणाच्या हातात आहे?



आज जीएसटी नाही, मार्जिन नाही. आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय. २००६ साली आलेला, अ‍ॅडम सँडलरचा 'क्लिक'. काही विनोद आचरट आहेत, त्यामुळे लहान मुलांबरोबर बघायच्या आधी एकदा स्वतः बघा. पण बघा नक्की.

मायकेल न्यूमन हा आर्किटेक्ट. बायको, दोन मुलं, आणि मुलांसाठी बांधायला घेतलेलं, अर्धवट राहिलेलं झाडावरचं घर. त्याला कंपनीत पार्टनर व्हायचंय. 'एकदा तेवढं झालं की घरच्यांना वेळ देईन', हे त्याचं पालुपद. त्याला मॉर्टी नावाचा एक विचित्र माणूस असा रिमोट देतो, की जो थेट आयुष्यावर चालतो. मग काय! बायकोशी भांडण? फॉरवर्ड. आजारपण? फॉरवर्ड. आई-वडिलांबरोबरचं जेवण? तेही फॉरवर्ड.

इथपर्यंत आपण हसतो. मग रिमोट त्याच्या सवयी शिकतो आणि न विचारता स्वतःच फॉरवर्ड करायला लागतो. त्या काळात मायकेलचं शरीर घरी असतं, जेवतं, 'हं, हं' करतं. मन मात्र तिथे नसतं. सिनेमात याला ऑटोपायलट म्हणतात.

हे बघून मी गप्पच झालो. माझं स्टेशनरीचं दुकान. जून म्हणजे आमची दिवाळी. एका रात्री मुलगी धावत आली, "बाबा, माझा दात पडला!" मी हिशोबाच्या वहीतून मान वर न करता म्हणालो, "उद्या आणतो." घरातले सगळे हसले, मीही हसलो. पण तिचा चेहरा पडला होता. तिला काही आणून नको होतं, फक्त दाखवायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, "सर, सुरुवातीला झटावंच लागतं." शंभर टक्के मान्य. दुकान नवीन असताना मीही झटलो. पण मायकेलची चूक मेहनत ही नव्हतीच. त्याचं 'एकदा तेवढं झालं की' दर वेळी पुढे सरकत गेलं, ही चूक. पार्टनर झाला, मग सीईओ व्हायचं राहिलं. आपलंही तेच. आधी दुकान सेट होऊ दे, मग लोन फिटू दे, मग दुसरं दुकान. आणि त्याला निदान बॉसला दोष देता येत होता. आपण कुणाला देणार? शटर आपलंच, किल्लीही आपलीच.

सिनेमात वडील गेल्यावर मायकेल त्यांची शेवटची भेट मागे जाऊन बघतो. वडील प्रेमाने बाहेर चल म्हणताहेत आणि हा कामातून मानही वर करत नाही. बघता येतं, बदलता येत नाही. पुढे त्याचा मुलगा कामासाठी स्वतःचा हनिमून रद्द करायला निघतो. मुलाने बापाचंच उचललं, दुसरं काय!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरच्यांचा वेळ हा उरलेला वेळ नाही, तो टाइमटेबलमध्ये आधी लिहायचा. मी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता शटर ओढतो, तसा बोर्डही लावलाय. खोटं कशाला बोलू, दोन-चार गिऱ्हाईकं गेली. बाकीची शुक्रवारी सकाळी आली. दुसरं म्हणजे, रेट आणि होलसेलरची ऑर्डर वहीत लिहून काउंटरवरच्या पोराला शिकवली. तुमच्याशिवाय एक संध्याकाळसुद्धा न चालणारं दुकान म्हणजे धंदा नव्हे, ती बिनसुट्टीची नोकरी झाली.

मायकेलला शेवटी जाग येते आणि सगळं परत मिळतं. तो सिनेमा आहे. आपल्याला या आठवड्याचा एक दिवस ठरवायचाय.

आजच ठरवा, बोर्डवर लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत. गुरुवार सोडून!